जितके इंच, तितके फूट

आमच्या घरापासून बसथांबा साडेतीनशे पावलांवर आहे. म्हणजे माझ्या पावलांनी. गेली अठरा वर्षं व्हीलचेअर वापरणारा एक मित्र मध्यंतरी मुक्कामाला आला होता, तेव्हा हे अंतर आम्ही दोघांनी मिळून जायचं ठरवलं. फूटपाथ नुकताच नवा झालेला, पेव्हर ब्लॉक अगदी सरळ बसलेले. सुरुवातीला छान उतार होता, त्यावरून तो एका दमात वर चढला. चाळीस पावलांवर एका बंगल्याचं फाटक लागलं. गाडी आत नेता यावी म्हणून तिथे फूटपाथ कापून रस्त्याच्या पातळीला आणला होता आणि फाटकाच्या अलीकडे-पलीकडे नऊ इंचांची उभी कड. म्हणजे मागे वळा आणि चाळीस पावलं उलट जाऊन रस्त्यावर उतरा. पुढे चढायला जागा मिळाली तर तिथे तीन पोलादी खांब, आणि दोन खांबांमधलं अंतर खुर्चीपेक्षा दोन बोटं कमी. तिसऱ्यांदा आम्ही फूटपाथच्या नादी लागलो नाही. तो रस्त्याच्या कडेने आणि मी त्याच्या उजवीकडून, म्हणजे त्याच्या आणि गाड्यांच्या मध्ये, असे थांब्यावर पोचलो. घाम पुसत तो म्हणाला, "तुमचा फूटपाथ चांगला आहे रे. फक्त एका जागेवरून दुसऱ्या जागी जात नाही."

शहरातल्या सार्वजनिक जागा अपंगांना वापरता याव्यात, या प्रश्नाचा गेल्या तीस वर्षांचा हिशेब मांडायला बसलो की त्याचं हे वाक्य आठवतं. कायदा आहे. मापं ठरलेली आहेत. पैसा अगदीच नाही असंही नाही. तुकडे बरेच जमलेत, सांधे मात्र निखळलेले आहेत.

आधी आकडे उरकून घेऊ. २०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख अपंग व्यक्ती नोंदल्या गेल्या, लोकसंख्येच्या २.२१ टक्के. महाराष्ट्रात त्या साडेएकोणतीस लाखांच्या वर होत्या. जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज जगातल्या १६ टक्के माणसांचा आहे. आपल्याच हवापाण्यात अपंगत्व कमी होतं, असं काही नाही. दारात आलेला प्रगणक प्रश्न कसा विचारतो आणि लग्नाची मुलगी घरात असेल तर घरचे काय सांगतात, यावर हा आकडा ठरतो. शिवाय त्या जनगणनेत अपंगत्वाचे आठ प्रकार होते, २०१६ च्या कायद्यात एकवीस आहेत. तेव्हा 'आमच्या वॉर्डात अपंग आहेतच किती' हा नेहमीचा प्रश्न आकड्यांच्या आधारे विचारण्यात अर्थ नाही.

कायद्याची गोष्ट जरा सावकाश सांगायला हवी, कारण गोम तिथेच आहे. पहिला कायदा १९९५ चा. रस्ते, इमारती, वाहनं अपंगांना वापरता यावीत हे त्यात होतं, पण सरकारने ते आपल्या आर्थिक कुवतीच्या मर्यादेत करावं, अशी पळवाटही त्यातच होती. कुवत किती हे ठरवणार सरकारच. पुढे भारताने संयुक्त राष्ट्रांच्या अपंग हक्क करारावर सही केली, २००७ मध्ये त्याला मान्यता दिली आणि त्याला धरून २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा आला. १९ एप्रिल २०१७ पासून तो लागू आहे. यात भाषा बदलली. सुगम्यतेचे नियम पाळले नसतील तर नव्या इमारतीला ना बांधकाम परवानगी, ना पूर्णत्वाचा दाखला. जुन्या सार्वजनिक इमारती नियम निघाल्यापासून पाच वर्षांच्या आत सुधारायच्या. कायदा मोडला तर पहिल्या वेळी १० हजारांपर्यंत आणि नंतर ५० हजार ते ५ लाख रुपये दंड. नियम जून २०१७ मध्ये निघाले, म्हणजे मुदत जून २०२२ मध्ये संपली. त्या वेळी आमच्या भागातल्या एका सरकारी कचेरीला पाच पायऱ्या होत्या. आजही पाचच आहेत.

(शब्दाविषयी एक. २०१५ च्या अखेरीनंतर सरकारी कागदांवर 'दिव्यांग' आलं आणि कायद्याच्या मराठी नावातही तेच बसलं. चळवळीतल्या कित्येकांना तो शब्द रुचत नाही. दिव्य काही नको, उतार तेवढा द्या, असं त्यांचं म्हणणं. मी इथे 'अपंग' लिहितोय.)

मुदत संपूनही फारसं काही बिघडलं नाही, याचं कारण नियमांत होतं. सार्वजनिक जागा अपंगांना वापरता याव्यात म्हणून राजीव रतुडी यांनी २००५ साली सर्वोच्च न्यायालयात याचिका केली होती. डिसेंबर २०१७ मध्ये न्यायालयाने इमारती, रेल्वे, बस यांसाठी तपशीलवार आदेश दिले. ते कितपत पाळले गेले हे तपासण्याचं काम पुढे हैदराबादच्या नालसार विधी विद्यापीठातल्या अपंगत्व अभ्यास केंद्राकडे सोपवलं. त्या अहवालानंतर ८ नोव्हेंबर २०२४ रोजी न्यायालयाने नेमकं बोट ठेवलं. कायदा म्हणतो 'केलंच पाहिजे' आणि त्याखालचा पंधरावा नियम ज्या मार्गदर्शक सूचनांकडे बोट दाखवतो त्या म्हणतात 'केलेलं बरं'. नियमाचा हा भाग कायद्याशी विसंगत ठरवून, किमान सक्तीची मानकं तीन महिन्यांत वेगळी काढा, असा आदेश केंद्राला दिला. याचिका दाखल झाल्यापासून तोवर एकोणीस वर्षं गेली होती. ती दाखल झाली तेव्हा पहिलीत असलेलं अपंग मूल एव्हाना पंचविशीत आहे.

महाराष्ट्राने या प्रश्नाकडे बघण्याची एक रीत पूर्वीपासून घालून घेतली आहे आणि तिच्याबद्दल आदर ठेवूनही बोलायला हवं. मुंबईत १९०० सालापासून अंधशाळा आहे. १९४९ मध्ये बाबा आमट्यांनी आनंदवनाचा पाया घातला. खडकीला पाठीच्या कण्याच्या दुखापतीने अधू झालेल्या जवानांचं पुनर्वसन केंद्र आहे. कोल्हापुरात नसीमा हुरजूक यांनी १९८४ पासून हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड उभी केली आणि त्यांचं 'चाकाची खुर्ची' हे आत्मकथन मराठी घराघरांत वाचलं गेलं. ही सगळी कामं मोठी आहेत. पण त्यांतून समाजाने सोयीचा धडा घेतला की अपंगांसाठी वेगळी जागा असते, तिथे चांगली माणसं काम करतात आणि आपण वर्षातून एकदा देणगी पाठवायची. शाळा मिळाली. शाळेपर्यंतचा रस्ता कोणी द्यायचा, हा प्रश्न कोणालाच आपला वाटला नाही. स्थानिक स्वराज्य संस्थांनी ५ टक्के निधी अपंगांसाठी खर्च करायचा असा दंडक राज्यात आहे. तो निधी खर्च होतो तेव्हा बऱ्याचदा मांडव घालून तीनचाकी सायकली वाटल्या जातात, फोटो निघतात. सायकल घेऊन माणूस मांडवाबाहेर येतो तो थेट वाहत्या रस्त्यावर, कारण फूटपाथवर ती चढत नाही.

फूटपाथ का चढता येत नाही याची कारणं साधी आहेत. भारतीय रस्ते महासभेच्या २०१२ च्या मार्गदर्शिकेत फूटपाथची उंची १५० मिलिमीटर, म्हणजे सहा इंचांपेक्षा जास्त नको आणि मोकळी रुंदी किमान १.८ मीटर हवी, असं आहे. सहा इंच का? कारण त्याहून उंच कड असेल तर म्हातारं माणूस, पोटुशी बाई, लेकरू कडेवर घेतलेली आई, सगळेच खालून चालणं पसंत करतात. आपल्याकडे फूटपाथ नऊ इंच, फूटभर उंच करतात, का तर दुचाकी चढू नये. दुचाकी तरीही चढतेच, कारण तिला इंजिन आहे. मग तिला अडवायला खांब रोवतात आणि दुचाकी खांबांमधून तिरकी होऊन निघते. चाकाच्या खुर्चीला तिरकं होता येत नाही. मुंबईत शिवाजी पार्क भागातल्या एका व्हीलचेअरवाल्या तरुणाने फूटपाथवरच्या या खांबांबद्दल उच्च न्यायालयाला २०२३ मध्ये ईमेल पाठवला आणि न्यायालयाने स्वतःहून तीच जनहित याचिका करून घेतली. नियम मोडणाऱ्या स्कूटरवाल्याला अडवायला लावलेल्या खांबाने अडला तो नियमाने चालणारा, हे त्यातून चव्हाट्यावर आलं.

फाटकांचंही तसंच. जगभर रस्ते आखणाऱ्यांचा सरळ हिशेब असा, की फाटकापाशी गाडीने फूटपाथवर चढून उतरायचं. फूटपाथने गाडीसाठी वाकायचं नाही. आपल्याकडे फूटपाथ दर फाटकाला वाकतो. दोनशे मीटरमध्ये दहा फाटकं असतील तर दहा चढ नि दहा उतार, तेही धड नसलेले. पुणे महापालिकेने २०१६ मध्ये पादचारी धोरण मंजूर केलं आणि जंगली महाराज रस्त्यावर रुंद, बसायला बाकं असलेला फूटपाथ केला. त्या रस्त्यावर खुर्ची घेऊन फिरता येतं, हे मान्य करायलाच हवं. पण शहर म्हणजे एक रस्ता नव्हे आणि तिथून घरी परतायला माणसाला दुसरा रस्ता लागतोच.

फेरीवाल्यांचा मुद्दा निघाला की सभेत आवाज चढतात. अपंगांच्या नावाने फूटपाथ मोकळे करा म्हणणारे काही जण अपंगांशी एरवी एक शब्दही बोललेले नसतात. एसटीडी-पीसीओच्या काळात मुंबईत अपंगांना फूटपाथवर फोनचे बूथ मिळाले. फोन गेले, त्या टपऱ्यांत आता वेफर्स नि पाण्याच्या बाटल्या आहेत आणि त्यांतल्या काहींच्या आत अजूनही कुबड्या भिंतीला टेकवून तोच माणूस बसलेला असतो. एका अपंगाचं पोट दुसऱ्या अपंगाच्या वाटेत उभं आहे. २०१४ च्या पथविक्रेता कायद्यानुसार जागा आखून दिल्या असत्या तर ही वेळ आली नसती. मला विचाराल तर फूटपाथवरची सगळ्यांत मोठी अतिक्रमणं टपऱ्यांची नाहीत, ती विजेचे डीपी बॉक्स, जाहिरातींचे खांब आणि लावलेल्या दुचाकींची आहेत. त्यांच्याविरुद्ध मोर्चा निघालेला मी पाहिला नाही.

आता त्या पिवळ्या फरशा. जपानमध्ये सेइइची मियाके यांनी दृष्टी जात चाललेल्या मित्रासाठी १९६५ मध्ये त्या शोधल्या आणि १९६७ मध्ये ओकायामा शहरात अंधशाळेजवळच्या चौकात त्या पहिल्यांदा बसल्या. त्यांची लिपी दोन अक्षरांची आहे. लांब पट्ट्या म्हणजे 'या दिशेने चल', गोल ठिपके म्हणजे 'थांब, पुढे काहीतरी आहे'. पांढऱ्या काठीला आणि चपलेतल्या तळव्याला हे कळतं. रंग पिवळा, कारण अंधुक दिसणाऱ्यांना तो राखाडी फरशीत उठून दिसतो. आमच्याकडे एका रस्त्यावर अख्ख्या लांबीभर ठिपकेच बसवलेत. अंध माणसाला पावलोपावली 'थांब' म्हणून सांगणारा हा रस्ता असावा. दुसरीकडे पट्ट्या सरळ जाऊन गुलमोहराच्या बुंध्याला भिडतात. तिसरीकडे पिवळ्याऐवजी राखाडीच घेतल्या, शोभा बिघडू नये म्हणून. बसवणाऱ्या गवंड्याला दोष देण्यात अर्थ नाही. ही लिपी आहे हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. निविदेत फरशी चौरस मीटरवर मोजलेली असते.

वाहतुकीत चित्र थोडं बरं आहे आणि म्हणूनच जास्त चिडचिड होते. मुंबईच्या लोकलला दिव्यांग डबा आहे. कित्येक फलाटांवर तो डबा येण्याच्या जागी बीप-बीप आवाज करणारं यंत्र आहे. अंध प्रवाशासाठी इतकी साधी, स्वस्त आणि नेमकी सोय आपल्याकडे दुसरी क्वचितच दिसते. पण लोकल थांबते वीस-तीस सेकंद, डब्यात हातीपायी धड माणसं घुसलेली आणि फलाट नि डब्यामधली फट तशीच. मेट्रोच्या स्थानकांत लिफ्ट, रुंद दार, पट्ट्या, सगळं असतं. पुण्याच्या सिव्हिल कोर्ट स्थानकासारख्या खोल स्थानकातही माणूस खुर्चीसकट खाली जाऊ शकतो. लिफ्टमधून वर आलं की पहिलं पाऊल महापालिकेच्या हद्दीत पडतं. तिथे चेंबरचं झाकण वर आलेलं असतं आणि रिक्षावाले खुर्ची बघून मान वळवतात. स्थानकाची वही एका कार्यालयात, रस्त्याची दुसऱ्यात, झाकणाची तिसऱ्यात. बसचंही तेच. खऱ्या लो-फ्लोअर बसचा पाट जमिनीपासून ४०० मिलिमीटरवर असतो, म्हणजे आतला छोटा रॅम्प टाकला की खुर्ची आत जाते. मात्र बस थांब्याला चिकटून उभी राहिली तर! ती थांबते रस्त्याच्या मधोमध, कारण थांब्यापाशी रिक्षा लागलेल्या असतात. मुंबईत २००८ पासून स्टेशनांबाहेर स्कायवॉक उभे राहिले. जिन्यांनी चढायचे, जिन्यांनी उतरायचे. एवढ्या मोठ्या खर्चाचं काम कागदावर पास झालं तेव्हा त्या बैठकीत चाकावर बसलेलं कोणी नव्हतं, हे त्या जिन्यांवरून कळतं.

इमारतींमध्ये रॅम्प ही आता रूढी झाली आहे. नियम १:१२ चा, म्हणजे एक फूट उंचीला बारा फूट लांब उतार. तो पाळण्याऐवजी उरलेल्या जागेत जो मावेल तो उतार करून टाकतात आणि वर चकचकीत ग्रॅनाइट बसवतात. पावसाळ्यात त्यावरून धडधाकट माणूसही घसरतो. अपंगांचं स्वच्छतागृह असतं. त्याला कुलूप असतं. किल्ली शिपायाकडे असते. शिपाई जेवायला गेलेला असतो. आत बादल्या, झाडू आणि निवडणुकीचे जुने फलक. २०२३ मध्ये मुंबईत व्हीलचेअर वापरणाऱ्या एका नवरीला विवाह नोंदणीसाठी दोन मजले उचलून न्यावं लागलं, कारण कचेरी दुसऱ्या मजल्यावर आणि लिफ्ट नाही. तिने ते जाहीर लिहिलं, तेव्हा उपमुख्यमंत्र्यांनी दिलगिरी व्यक्त केली. त्या कचेरीतल्या साहेबांना खाली येऊन सही घेता आली असती. त्याला निधीही लागत नव्हता.

उचलून नेणं हा आपला आवडता तोडगा आहे. 'अहो, आम्ही चार जण आहोत ना' असं प्रेमाने म्हणतात. माझ्या त्या मित्राला एका नाट्यगृहात असंच उचलून नेलं आणि मधल्या वाटेत, सगळ्यांच्या येण्याजाण्याच्या जागी, खुर्ची लावून दिली. मध्यंतरात तीनशे माणसं 'जरा सरकता का' म्हणत त्याच्या गुडघ्यांना घासून गेली. नाटक कसं होतं विचारलं तर म्हणाला, "पहिला अंक बघितला. दुसऱ्यात लघवीला कसं जायचं याचाच विचार करत होतो."

इथवर बरंचसं चाकांबद्दलच झालं, आणि बहुतेक सरकारी योजनांचीही हीच खोड आहे. २०११ च्या मोजणीत एकूण अपंगांमध्ये हालचालीचं अपंगत्व २० टक्के होतं, ऐकण्याचं नि पाहण्याचं प्रत्येकी १९. कर्णबधिर माणसाला स्टेशनात पायऱ्यांचा त्रास नाही. 'गाडी चारऐवजी सहावर येईल' ही घोषणा त्याला कळत नाही आणि अख्खा फलाट का पळतोय हे विचारायला शेजारी कोणी थांबत नाही. स्वमग्न मुलाला बागेत घेऊन गेलेल्या आईला उतार नको असतो. एक शांत कोपरा आणि 'याला जरा धाक लावा' असं न म्हणणारे शेजारी हवे असतात. मनोरुग्णतेबद्दल तर सार्वजनिक जागेच्या आखणीत अजून पहिला शब्दही आलेला नाही.

चांगलं काही घडलंच नाही असं नाही. चेन्नईच्या मरीना किनाऱ्यावर २०२२ च्या नोव्हेंबरात वाळूवरून पाण्यापाशी जाणारा लाकडी मार्ग झाला, अडीचशे मीटरहून लांब. पहिल्या दिवशी समुद्र आयुष्यात प्रथमच जवळून पाहणारी माणसं तिथे आली. दोनच आठवड्यांत चक्रीवादळाने त्याचा काही भाग मोडला. पण एकदा समुद्र जवळून पाहिलेली माणसं पुन्हा रस्त्यावर बसून समुद्र बघायला तयार होत नाहीत, आणि मार्ग दुरुस्त झाला. पणजीत जानेवारी २०२३ पासून अपंगांचा पर्पल फेस्ट भरू लागला. तिथे अपंगत्व हा दयेचा विषय न राहता गाणी, खेळ आणि समुद्रकिनारा यांचा झाला. उत्सवाचं यश उत्सव संपल्यावर मोजायला हवं, हे खरं. २००१ च्या जानेवारीत व्हीलचेअर वापरणारे शास्त्रज्ञ स्टीफन हॉकिंग भारतात आले तेव्हा अपंग हक्कांचे कार्यकर्ते जावेद अबिदी यांनी आवाज उठवल्यावर दिल्लीतल्या कुतुबमिनारासारख्या स्मारकांवर घाईघाईने लाकडी उतार लागले होते. जे अशा घाईत जमलं ते तोवर पन्नास वर्षांत जमलं नव्हतं, एवढंच त्यातून कळलं.

मग करायचं काय? पुन्हा एक आढावा, पुन्हा एक समिती, हे मला नको वाटतं. डिसेंबर २०१५ मध्ये सुगम्य भारत अभियान सुरू झालं तेव्हा पन्नास शहरांत निवडक सरकारी इमारती तपासायचं ठरलं होतं. तपासण्या झाल्या, मुदती वाढल्या, अहवालांवर धूळ बसली. माझी मागणी एकच आहे आणि तिला नवा कायदा लागत नाही. फूटपाथ, स्थानक, कचेरी, बाग, कोणतंही काम झालं की ठेकेदाराचं शेवटचं बिल निघण्याआधी त्या वॉर्डातले दोन अपंग नागरिक, एक चाकावरचा आणि एक काठीवाला, ते काम या टोकापासून त्या टोकापर्यंत वापरून बघतील. मदतीला हात लावायचा नाही. ते अडले तर बिलही अडेल. त्यांना दिवसाचं मानधन द्यायचं, ५ टक्के निधीतून. कोणी म्हणेल, हेही कागदोपत्री होईल, सह्या घरपोच मिळतील. होईलही. पण ज्याला रोज तोच फूटपाथ वापरायचाय त्याची सही विकत घेणं, कनिष्ठ अभियंत्याची घेण्यापेक्षा नक्की अवघड जाईल.

महापालिकेची वाट बघत असताना तुम्हाला एक काम सांगतो. आज संध्याकाळी टेप घेऊन खाली उतरा आणि आपल्या सोसायटीच्या दारातली पायरी मोजा. १:१२ चा हिशेब तोंडपाठ राहण्याइतका सोपा आहे: पायरी जितके इंच, उतार तितके फूट. सहा इंचांची असेल तर सहा फूट लांब नि तीन-साडेतीन फूट रुंद सिमेंटचा खरबरीत उतार, एका गवंड्याचं एका दिवसाचं काम. पुढच्या सर्वसाधारण सभेत पार्किंगचा विषय निघण्याआधी तो मांडा. पार्किंगनंतर सभेला कोणी थांबत नाही.